भोंगा वाजलाच नाही तर?



आपल्या श्रोत्यांमधली काही कुटुंबं अणुवीजकेंद्राच्या जवळपास राहतात. फिलाडेल्फियाच्या बाहेर लिमरिकच्या आसपास, नॉर्थ कॅरोलायनात एपेक्स आणि हॉली स्प्रिंग्जमध्ये, शार्लटच्या उत्तरेला हंटर्सविलकडे. घर घेताना आपण शाळा पाहतो, ऑफिसला जायला किती वेळ लागेल ते पाहतो. केंद्र किती मैलांवर आहे, हे फारसं कोणी विचारत नाही. मग एखाद्या दुपारी खांबावरचा भोंगा वाजतो, भारतातून आलेले आईबाबा दचकतात आणि शेजारी सांगतो, "काही नाही, चाचणी आहे."

आज बोलायचं आहे ते या भोंग्याबद्दल आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या यंत्रणेबद्दल. अणुभट्टी बिघडली तर काय, यावर पुष्कळ बोललं जातं. पण ती बिघडल्याची खबर देणारी उपकरणंच बंद पडली तर?

आधी ही उपकरणं कोणती ते पाहू. केंद्रात किरणोत्सार मोजणारे मापक असतात. वारा कोणत्या दिशेला वाहतोय ते सांगणारा हवामान मनोरा असतो. नियंत्रणकक्षापासून वेगळी एक खोली असते. संकटकाळी तज्ज्ञ तिथे बसून सल्ला देतात, म्हणून तिची हवा गाळून घेण्याची सोय असते. काउंटी, राज्य आणि केंद्र सरकारशी जोडलेले खास फोन असतात. आणि शेवटी येतात आपल्या कानापर्यंत पोचणारे भोंगे, रेडिओ-टीव्हीवरच्या सूचना आणि मोबाइलवरचे इशारे. यातल्या एकाही वस्तूने वीज तयार होत नाही. वर्षानुवर्षं त्यांची गरजही पडत नाही. म्हणूनच त्या बिघडल्या तरी पटकन लक्षात येत नाही.

ही व्यवस्था आजच्या स्वरूपात उभी राहिली ती पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तिथे एक झडप उघडी अडकली आणि अणुभट्टीतलं पाणी निघून जाऊ लागलं. नियंत्रणकक्षातला दिवा मात्र झडप बंद असल्याचं सुचवत होता. कारण तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवतच नव्हता, बंद होण्याची आज्ञा गेली एवढंच दाखवत होता. धोक्याच्या सूचना छापणारा प्रिंटर तासाहून अधिक मागे पडला. ती गळती थांबवायला सुमारे २ तास २० मिनिटं लागली.

बाहेर किरणोत्सार थोडाच पसरला, पण गोंधळ मोठा झाला. फोनच्या लाइनी तुंबल्या, अधिकाऱ्यांना एकमेकांकडून वेगवेगळी माहिती मिळत राहिली. दोन दिवसांनी, ३० मार्चला, गव्हर्नर थॉर्नबर्ग यांनी ५ मैलांच्या आतल्या गरोदर बायकांना आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात सुमारे १,४०,००० माणसं घर सोडून गेली.

त्यानंतर १९८० मध्ये नवे नियम आले. केंद्राभोवती १० मैलांचा, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरचा पट्टा आखला गेला. तिथल्या लोकांना थोड्या मिनिटांत सावध करण्याची सोय बंधनकारक झाली. पुढे दर दोन वर्षांनी मोठा सराव ठरला. केंद्राच्या आतली तयारी न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, म्हणजे एनआरसी, पाहते. बाहेरची तयारी फेमा तपासते.

नियम झाले, तरी उपकरणं उपकरणंच राहिली. भोंगा विजेवर चालतो आणि वादळात सर्वात आधी वीज जाते. न्यू जर्सीच्या मंडळींना २०१२ मधलं सँडी वादळ चांगलंच आठवत असेल. २९ ऑक्टोबरच्या त्या रात्री ऑयस्टर क्रीक केंद्राजवळ पाण्याची पातळी इतकी चढली की केंद्राला 'अलर्ट' जाहीर करावा लागला. त्याच वेळी वीज गेल्यामुळे तिथले ४३ पैकी ३६ भोंगे मुके झाले होते. इंधन बदलण्यासाठी अणुभट्टी आधीच बंद होती आणि पुढे काही विपरीत घडलं नाही. पण ज्या रात्री भोंगे लागण्याची शक्यता जास्त, त्याच रात्री ते बंद पडले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. अशा वेळी पर्यायी योजना असते ती पोलीस आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांची. लाउडस्पीकर लावून त्या गल्लोगल्ली फिरतात. झाडं पडलेल्या, पाणी भरलेल्या रस्त्यांवर त्यांना किती वेळ लागेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ऑयस्टर क्रीक २०१८ मध्ये बंद झालं.

न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंटची गोष्ट आणखी वेगळी. या केंद्राभोवती वस्ती फार दाट, म्हणून वीज गेली तरी वाजतील असे भोंगे तिथे लावा, असं २००५ च्या कायद्यानुसार ठरलं. मुदत दिली, वाढवून दिली, तरी काम झालं नाही. २००७ मध्ये एनआरसीने १,३०,००० डॉलरचा दंड केला. पुढची मुदतही हुकल्यावर ६,५०,००० डॉलरचा दुसरा दंड झाला. नवी यंत्रणा अखेर २००८ मध्ये सुरू झाली. केंद्र स्वतः २०२१ मध्ये बंद झालं.

कॅनडातल्या श्रोत्यांनी उलट्या प्रकारचा अनुभव घेतला आहे. १२ जानेवारी २०२० च्या रविवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला ऑन्टारिओभर मोबाइल वाजले. पिकरिंग केंद्रात काहीतरी घडल्याचा तो इशारा होता. घडलं काहीच नव्हतं. नेहमीच्या चाचणीच्या वेळी तो चुकून खराखुरा पाठवला गेला होता. तो मागे घेतल्याचा संदेश सगळ्या फोनवर पोचायला पावणेदोन तासांहून जास्त वेळ लागला. खोट्या इशाऱ्याचं नुकसान पुढे दिसतं. पुढच्या वेळी फोन वाजला की माणूस तो उलटा करून ठेवतो.

आता जपानकडे जाऊ, कारण छोट्या बिघाडाची किंमत तिथे सर्वात स्पष्ट दिसते. १६ जुलै २००७ ला काशिवाझाकी-कारिवा केंद्राला भूकंपाचा जबर धक्का बसला. ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. अग्निशमन दलाशी थेट जोडलेला फोन संकटकाळच्या खोलीत होता आणि त्या खोलीचं दार धक्क्याने वाकून अडकलं होतं. आत जाताच येईना. आग विझायला सुमारे दोन तास लागले. कंपनीने यातून धडा घेतला. भूकंपाचे हादरे झेलणारी, हवा गाळून घेणारी, स्वतःची वीज असलेली स्वतंत्र इमारत बांधायची असं ठरलं. अशीच एक इमारत फुकुशिमा दाइइची केंद्रात जुलै २०१० मध्ये वापरात आली. आठच महिन्यांनी, ११ मार्च २०११ ला, त्सुनामी आली. त्यानंतरचे भयंकर दिवस कर्मचाऱ्यांनी काढले ते याच इमारतीत बसून. ती नसती तर केंद्रात थांबून काम करणं जवळजवळ अशक्य होतं.

पण त्याच फुकुशिमाची दुसरी बाजूही आहे. केंद्रापासून सुमारे ५ किलोमीटरवर ओकुमा गावात सरकारचं आपत्कालीन कार्यालय होतं. आजूबाजूच्या गावांना कुठे हलवायचं, हे तिथून ठरणार होतं. भूकंपात वीज गेली, जनरेटर चालला नाही, फोन तुटले. शिवाय किरणोत्सारी धूळ अडवणारे फिल्टर त्या इमारतीला नव्हतेच. ते बसवावेत अशी सूचना सरकारी तपासणीत २००९ मध्ये झाली होती. ती तशीच राहिली. चार दिवसांत कार्यालय सोडून सगळ्यांना फुकुशिमा शहरात जावं लागलं. जिल्ह्यातल्या २४ पैकी २३ किरणोत्सार-मापन चौक्या निकामी झाल्या होत्या. अणुभट्टीतून किती किरणोत्सार बाहेर पडतोय याचे आकडे संगणकापर्यंत पोचत नव्हते. अंदाजाने जे नकाशे तयार झाले, तेही गावांना वेळेत मिळाले नाहीत. नामिए गावातली पुष्कळ माणसं वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन राहिली. वाऱ्याने किरणोत्सार त्याच दिशेला नेला होता. माणसं धोक्यापासून दूर जायला निघाली आणि त्याच्याच वाटेत जाऊन थांबली.

दोन्ही त्रुटी आधी माहीत होत्या. वाकलेल्या दाराची दखल घेतली गेली आणि नसलेल्या फिल्टरची नाही.

म्हणून अमेरिकेतला एक नियम मला महत्त्वाचा वाटतो. केंद्राची संकट मोजण्याची, बाहेरच्यांना कळवण्याची किंवा बाहेरच्या मदतीची क्षमता मोठ्या प्रमाणात गेली, तर केंद्राने ८ तासांच्या आत एनआरसीला कळवायचं. त्या नोंदी एनआरसीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. अमुक केंद्राचे भोंगे वीज गेल्याने बंद, तमुक ठिकाणी तज्ज्ञांच्या खोलीची हवा गाळणारी यंत्रणा नादुरुस्त, कुठे खास फोन बंद, अशा त्या नोंदी. वाचून घाबरू नका. बिघाड एखाद्या साध्या मंगळवारी सापडला आणि कागदावर आला, तर तो दुरुस्त होण्याची शक्यता असते. नोंद वाचताना तीन गोष्टी पाहा: बिघाड किती वेळ होता, तोवर पर्याय काय होता आणि तोच बिघाड पुन्हा पुन्हा होतोय का.

आता आपल्या घराकडे येऊ.

पहिलं, आपलं घर १० मैलांच्या आत आहे का ते शोधा. असेल तर दर वर्षी पोस्टाने माहितीपुस्तिका किंवा कॅलेंडर येतं. ते कुपनांच्या गठ्ठ्याबरोबर कचऱ्यात टाकू नका. आपला विभाग, बाहेर पडण्याचा रस्ता, निवारा केंद्र आणि कोणतं रेडिओ स्टेशन ऐकायचं, हे सगळं त्यात असतं.

दुसरं, भोंगा वाजला म्हणजे पळा असा अर्थ नाही. घरात जा, खिडक्या लावा, रेडिओ किंवा टीव्ही लावा आणि सूचना ऐका. नुसतं विचारायला ९११ ला फोन करू नका. भोंगे घराबाहेरच्या माणसांसाठी असतात. बंद खिडक्या आणि चालू एसी असलेल्या घरात ते ऐकू येतीलच असं नाही. म्हणून मोबाइलवरचे सरकारी इशारे बंद करू नका आणि बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घरात ठेवा.

तिसरं, शब्द ओळखीचे करून घ्या. 'अनयुज्वल इव्हेंट', 'अलर्ट', 'साइट एरिया इमर्जन्सी' आणि 'जनरल इमर्जन्सी' या चढत्या क्रमाच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोन ऐकून सामान बांधायला लागू नका.

चौथं, मुलं शाळेत असतील तर शाळाच त्यांना ठरलेल्या ठिकाणी नेते. ते ठिकाण कोणतं हे आधी माहीत करून घ्या, म्हणजे उलट दिशेने शाळेकडे गाडी दामटावी लागणार नाही.

पाचवं, पोटॅशियम आयोडाइडची गोळी. काही राज्यांत १० मैलांच्या आतल्या लोकांना ती मोफत मिळते. ती फक्त थायरॉइड ग्रंथीचं, तेही किरणोत्सारी आयोडीनपासूनच, रक्षण करते. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तिची गरज सर्वात जास्त असते, चाळिशीनंतर सहसा लागत नाही. सरकारी सूचना आल्याशिवाय घ्यायची नाही.

आणि शेवटचं, घरातली आजी-आजोबा मंडळी. सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा दिवसा नातवंडाबरोबर एकटे असतात. मोबाइलवरचे इशारे इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये येतात. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा: भोंगा वाजला तर काय करायचं, कोणता रेडिओ लावायचा, कोणत्या शेजाऱ्याचं दार ठोठवायचं. तो कागद फ्रिजवर लावा. पुढची चाचणी कधी आहे ते पुस्तिकेत पाहून त्यांना आदल्या दिवशी सांगा आणि चाचणीच्या वेळी भोंगा घरात ऐकू आला का, ते त्यांनाच विचारा. नाही ऐकू आला किंवा वाजलाच नाही, तर काउंटीच्या आपत्कालीन कार्यालयाला फोन करून तसं सांगा. आणि हेही विचारा: भोंगा बंद असेल तर आमच्या गल्लीला कोण, कसं कळवणार? उत्तर मिळेल ते त्याच कागदावर लिहून ठेवा.