सख्खं-चुलत कोणी नसलेली निहाली

जालन्याहून देऊळगाव राजा, चिखली, खामगाव करत उत्तरेला गेलं की सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका लागतो. बुलढाणा जिल्हा तर आपल्या शिवेला लागून. तरीही सोनबर्डी, चालठाण्यासारख्या गावांत बोलली जाणारी निहाली ही भाषा जगातल्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ती बोलणारे साधारण दोन-अडीच हजार.

निहालीची मोजणी ऐका. एक म्हणजे ‘बिडुम’. शेजारच्या कोरकू भाषेत एकला ‘मिया’ म्हणतात. दोघांचा काही संबंध नाही. दोन ‘इरार’, तीन ‘मोठो’, चार ‘नालो’. इथे कन्नडमधले एरडू, मूरू, नाल्कू आठवतात, म्हणजे कधीतरी द्राविडी भाषांचा सहवास घडलेला. पाचापासून पुढे मात्र आपली ओळखीचीच मोजणी. पाच आकड्यांत तीन थर!

पण खरं कोडं रोजच्या शब्दांत आहे. डोळा ‘जिकी’, कान ‘चिगम’, पाणी ‘जोप्पो’. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात आणि दूर झारखंडातल्या संथालीत ‘दाक्’. ही सोयरीक ऐकताक्षणी कळते. ‘जोप्पो’ला असं कुणी सापडत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या 1906 च्या खंडात निहालीची नोंद कोरकू-संथालीच्या मुंडा भाषांसोबत झाली. पुढे डच अभ्यासक कायपर यांनी 1962 मध्ये तिचे शब्द तपासले, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा कुठेच जुळेना. ही कदाचित मुद्दाम घडवलेली गुप्त बोली असावी, अशी शंकाही त्यांनी घेतली. मला ती पटत नाही. लपवाछपवीसाठी माणसं चार नामं बदलतील. सर्वनामांना सहसा कुणी हात लावत नाही.

आणि निहालीची सर्वनामं तर पाहण्यासारखी आहेत. मी ‘जो’, आम्ही दोघं ‘त्येको’, आम्ही सगळे ‘इंगी’. तू ‘ने’, तुम्ही दोघं ‘नाको’, तुम्ही सगळे ‘ला’. संस्कृतातलं द्विवचन मराठीने केव्हाच सोडलं. इथे ते रोजच्या बोलण्यात आहे. कोरकूतही द्विवचन आहे, तेव्हा चौकट शेजारची असेलही, पण तिच्यात बसवलेले शब्द निहालीचे स्वतःचे. बाकी क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे, हे आपल्यासारखंच.

कुळ न ठरलेली निहाली एकटीच नाही. इथिओपियाच्या दक्षिणेत ओंगोटा भाषेचीही हीच गत. ती ओमोटिक कुळातली की आणखी कुठली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि ती येणारी मोजकी म्हातारी माणसंच उरली. बाकीचे शेजारच्या त्सामाय भाषेकडे वळले. ओंगोटात भूतकाळ आणि बाकीचे काळ यांतला फरक केवळ सुराच्या चढउताराने ओळखतात. अशी गोष्ट शब्दांच्या यादीत कशी उतरणार?

इकडे निहाली बोलणारे निहाल लोक पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतात राबले. त्यांना कोरकू येते. कोरकूंना निहाली येत नाही. शाळा मराठी, बाजार मराठी-हिंदी. त्यात 1971 पासून जनगणनेत 10,000 पेक्षा कमी भाषकांच्या भाषांची नावंही वेगळी छापली जात नाहीत. युनेस्कोच्या नकाशात निहाली अतिसंकटग्रस्त आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या भाषावैज्ञानिकांनी निहालीवर काम केलं आहे, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने तिच्यावर पुस्तकही काढलं. आता नोंद हवी ती खेळणाऱ्या पोरांच्या बोलण्याची. दोघं मिळून आंबे पाडायला निघाली, तर ती ‘त्येको’ म्हणतात की ‘इंगी’वरच भागवतात, हे पहिलीच्या वर्गात निहाली समजणारी एखादी ताई असली, तरच कळेल.