जनित्र तापते तेव्हा

वीज गेली की गावच्या दूध संकलन केंद्रातील शीतकरण टाकी डिझेल जनित्रावर चालवावी लागते. संध्याकाळचे दूध वेळेत ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले नाही, तर ते नासण्याचा संभव असतो. अशा ऐन वेळी जनित्र तापून बंद पडले, म्हणजे मिस्त्रीला निरोप जातो आणि तो येईपर्यंत कोणीतरी रेडिएटरचे झाकण उघडू पाहतो. हे कदापि करू नये. झाकणाखाली पाणी दाबात असते, म्हणून ते १०० अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटून ते उसळते व तोंड, हात भाजतात. झाकण हाताला गार लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नये. हेड तडकण्याची भीती असते.

इंजिन खोलण्यापूर्वी बाहेरची कारणे पाहावीत. मोटारगाडीचा पंखा बाहेरची हवा रेडिएटरमधून आत ओढतो. बहुतेक जनित्रांत तो इंजिनावरची हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलतो. त्यामुळे धूळ, भुसा व तेलाचा ओशटपणा यांचा थर पंख्याच्या बाजूस बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि पाहणारा फसतो. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी, कारण आपोआप सुरू होणारे जनित्र वीज जाताच हात आत असतानाही फिरू लागेल. मग विजेरीने आतली बाजू पाहावी. थर असल्यास इंजिन थंड असताना साबणाचे पाणी बेताच्या दाबाने बाहेरून आत सोडून तो धुवावा. वीज निर्माण करणाऱ्या भागावर पाणी उडू देऊ नये.

दुसरे कारण खोलीचे. आवाज नको म्हणून दारे-खिडक्या बंद केल्या, तर बाहेर टाकलेली उष्ण हवाच पंखा पुन्हा घेतो. दार उघडून तेवढ्याच भारावर चालवून पाहावे. तापमान उतरले, तर दोष खोलीचा आहे, इंजिनाचा नव्हे.

पंख्याचा पट्टा ढिला अथवा चिरलेला नाही ना, हेही पाहावे. भाराचा हिशेब करावा: २५ केव्हीएचे जनित्र ०.८ शक्तिगुणकास २० किलोवॅटच देते. टाकीच्या कंप्रेसरसोबत शेजारची कडबाकुट्टीही त्यावर चालत असल्यास मिस्त्री काय करणार!

विहिरीचे जड पाणी रेडिएटरमध्ये भरू नये. त्याचा क्षार आत बसून उष्णता अडवतो. उत्पादकाने सांगितलेले शीतक द्रव्यच वापरावे. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले द्रव्य तत्काळ पुसावे, काढलेले द्रव्य जनावरांच्या वाटेत ठेवू नये.

एवढे करूनही इंजिन तापत असेल, रेडिएटरमधील पाणी वारंवार कमी होत असेल किंवा इंजिनाचे तेल दुधासारखे पांढरट झाले असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरावा, जनित्र चालवणे थांबवावे व मिस्त्रीस बोलवावे. दूध मात्र तोवर जवळच्या दुसऱ्या केंद्राकडे रवाना करावे.