मात्रा कोणाच्या मापाची?

गांजा मिळतो तो मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून. नर झाडे वेळीच उपटली नाहीत तर फुलात बी धरते आणि राळ कमी होते, हे पिकवणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. झाडातला हा नर-मादी भेद इतक्या बारकाईने पाहिला गेला. गांजा ओढणाऱ्या माणसांतला भेद मात्र अगदी अलीकडेपर्यंत दुर्लक्षितच राहिला.

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी नशा आणणारा घटक, टीएचसी, वेगळा केला. १९९२ मध्ये आपल्याच मेंदूत तयार होणारे, त्याच्यासारखे काम करणारे द्रव्य सापडले. संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्याचे नाव ‘आनंदामाइड’ ठेवले गेले. ही यंत्रणा वेदना, भूक, झोप आणि मनःस्थिती यांच्याशी निगडित आहे. शिवाय इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांचाही तिच्यावर परिणाम होतो. मग स्त्री-पुरुषांचा प्रतिसाद सारखा कसा असेल?

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील रिबेका क्राफ्ट यांना २०१४ मध्ये असे दिसले की, टीएचसीच्या वेदनाशामक परिणामाला माद्या उंदीर नरांपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक संवेदनशील असतात. म्हणून माद्यांची मात्रा तेवढी कमी केली. तरीही काही दिवसांतच त्यांच्या शरीराला औषधाची सवय नरांपेक्षा अधिक झाली. ही संवेदनशीलता स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास सर्वाधिक असते.

माणसांत मात्र चित्र उलटे निघाले. कोलंबिया विद्यापीठात झिवा कूपर यांनी नियमित गांजा ओढणाऱ्या २१ पुरुषांना आणि २१ स्त्रियांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावून वेदना मोजली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पुरुषांची वेदना घटली, स्त्रियांना जवळजवळ फरक पडला नाही. नशा मात्र दोघांनाही सारखीच जाणवली. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. पण सगळ्या सहभागी व्यक्ती सरावलेल्या होत्या हे लक्षात घेतले, तर एक दुवा दिसतो. स्त्रियांच्या शरीराला सवय लवकर होत असेल, तर गुण आधी ओसरेल आणि नशा मागे उरेल.

याचा व्यवहारातला अर्थ गंभीर आहे. गांजा ओढणाऱ्यांत पुरुषांची संख्या अधिक असली, तरी पहिल्या झुरक्यापासून व्यसनापर्यंतचे अंतर स्त्रिया अनेकदा लवकर कापतात, आणि सोडतानाचा त्रासही त्यांना अधिक होतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. दुखणे थांबत नाही म्हणून मात्रा वाढवणारी रुग्ण या वाटेवर नकळत येऊ शकते.

मग हे इतक्या उशिरा का कळले? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये गर्भधारणक्षम स्त्रियांना औषधचाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळण्याचे धोरण आखले. हेतू संरक्षणाचा होता. १९९३ मध्ये ते बदलले. त्याची किंमत झोल्पिडेम या झोपेच्या गोळीने दाखवली. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, हे ध्यानात घेऊन २०१३ मध्ये त्यांची शिफारस केलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणावी लागली. तोवर ती गोळी वीस वर्षे बाजारात होती.

गांजापासून बनवलेली औषधे आज अनेक देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. ती चिठ्ठी लिहिताना रुग्णाचे वय आणि वजन विचारले जाते. त्याच रांगेत आणखी एक प्रश्न बसायला हवा: ही मात्रा ज्या शरीरांवर ठरली, त्यांत स्त्रिया किती होत्या?