स्मिथिया, नॉर्विच आणि लज्जालूचा प्रश्न

पावसाळ्यात सह्याद्रीची पठारे पिवळी करणारा कवला ‘स्मिथिया’ या प्रजातीतील होय. हे नाव १७८९ मध्ये नॉर्विच या जुन्या इंग्रजी नगरात जन्मलेल्या जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून पडले. १७८४ मध्ये त्यांनी विकत घेतलेला लिनियसचा वनस्पतिसंग्रह पुढे अनेक वर्षे नॉर्विचमध्येच होता. (मालवणच्या डॉ. आघारकरांचे नावही एका स्मिथियाला लाभले आहे, हे सुखद!)

वैद्यांनी लक्ष द्यावे ते स्मिथिया सेन्सिटिव्हाकडे. स्पर्श होताच तिची पाने मिटतात. मिमोसा प्युडिका व बायोफायटम सेन्सिटिव्हम यांचीही मिटतात. आपण लज्जालू म्हणून वापरतो ती मिमोसा मूळची अमेरिकेतील. चरकाच्या संधानीय गणातील समंगा ती कशी असेल? काही जण समंगेचा अर्थ मंजिष्ठा असा करतात, तोही विचारात घ्यावा लागतो.

परभणीत आपल्या हाती येते ते बहुधा वाळलेले पंचांग किंवा चूर्ण. त्यात पाने मिटण्याची खूण उरत नाही. म्हणून औषधालयचालकांनी चूर्ण न घेता फुला-शेंगांसह नमुना मागावा. मिमोसाचे फूल गुलाबी गोंड्यासारखे असते, स्मिथियाचे पिवळे, वालाच्या फुलाच्या घडणीचे. बायोफायटमचेही फूल पिवळेच. पण त्याची पाने खोडाच्या टोकाशी छत्रीसारखी पसरलेली असतात.