पाच पांडवांचा पावसाळा

कोलकात्याची फुटबॉल लीग उन्हाळा सरता सरता सुरू होते आणि भर पावसात रंगात येते. मैदानावर गवत कमी आणि चिखल जास्त, अशी जुलैतली परिस्थिती. विसाव्या शतकाच्या मध्याला चेंडू चामड्याचा असे, वाद्यांनी शिवलेला. पाणी पिऊन तो असा जड होई की डोक्यानं मारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. आणि हा चेंडू खेळवणारे बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी, फार तर घोट्याला पट्टी गुंडाळलेली. १९४९ सालच्या अशाच पावसाळ्यात ईस्ट बंगाल क्लबच्या आघाडीच्या फळीत पाच जण शेजारी शेजारी उभे राहिले. उजवीकडून मोजायचं तर वेंकटेश, आप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. लोकांनी त्यांना पंचपांडव म्हटलं आणि ते नाव आज पाऊणशे वर्षांनंतरही तिथे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

या पाचांपैकी बंगाली एकही नव्हता. पाचही दक्षिणेचे. अहमद खान बंगळूरचा, सालेह कोट्टायमचा, आप्पाराव आंध्रचा. त्यांच्यासाठी गळा फोडून ओरडणारे लोक मात्र पूर्व बंगालचे. त्यातले असंख्य असे की ज्यांचं गाव दोन वर्षांपूर्वी परदेशात गेलं होतं. क्रीडा-इतिहासात या हंगामाची नोंद गुणतक्त्यात सापडेल, पण त्याची खरी उंची कळायला त्या लाकडी गॅलऱ्यांमध्ये कोण बसलं होतं हे पाहावं लागतं.

आधी जागेबद्दल. कोलकात्याचं मैदान म्हणजे फोर्ट विल्यमभोवतीची ती अफाट मोकळी हिरवळ. किल्ल्यावरच्या तोफांना समोर अडथळा नको म्हणून इंग्रजांनी तिथलं रान साफ करून घेतलं, आणि आजही तिची मालकी लष्कराकडेच आहे. त्यामुळे तिथल्या क्लबांच्या कचेऱ्यांना अजूनही ‘टेंट’ म्हणतात, मग आत पक्की बांधणी असली तरी. त्या काळी शहराला फुटबॉलचं मोठं स्टेडियम नव्हतं. लाखो लोकांचा जीव जिच्यात अडकलेला ती लीग लाकडी फळ्यांच्या गॅलऱ्यांवर चालायची. सकाळपासून रांगा लागत, घोडेस्वार पोलीस गर्दी मागे रेटत, आणि तिकीट न मिळालेले लोक किल्ल्याच्या उताराच्या बांधावर चढून लांबून दिसेल तेवढं पाहत.

लीगची मुळं साहेबांच्या करमणुकीत आहेत आणि त्यातही पहिला मान फुटबॉलचा नाही, रग्बीचा. १८७२च्या नाताळात कोलकात्यातल्या इंग्रज आणि स्कॉटिश मंडळींनी रग्बीचा सामना खेळला, पुढल्याच वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब काढला. हवा मानवेना, पलटण बदलून गेली, पोलो आणि टेनिसनं माणसं पळवली, तेव्हा १८७८ मध्ये त्यांनी क्लब गुंडाळला. बँकेत उरलेले २७० चांदीचे रुपये काढून, वितळवून त्याचा एक चषक घडवला, नागाच्या तीन मुठींचा आणि झाकणावर हत्ती असलेला, आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला पाठवून दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपासाठी खेळतात. क्लब पुढे पुन्हा उभा राहिला आणि गोल चेंडूकडे वळला. १८९८ मध्ये सुरू झालेल्या कलकत्ता फुटबॉल लीगच्या पहिल्या पाव शतकात त्याचं नाव विजेत्यांत पुन्हा पुन्हा येतं. बाकीची वर्षं बहुतेक गोऱ्या पलटणींची.

भारतीयांना तिथे सहजासहजी प्रवेश नव्हता. मोहनबागाननं २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, एक खेळाडू सोडला तर सारे अनवाणी पायांनी, आणि साऱ्या देशात तो विजय गाजला. तरी लीगच्या पहिल्या श्रेणीत त्यांना जागा मिळायला १९१५ उजाडलं. त्या श्रेणीत भारतीय संघ दोनच असावेत असा दंडकही होता. १९२५ मध्ये ईस्ट बंगालला वर घेताना तो मोडावा लागला. पुढे १९३४ मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगनं लीग जिंकली, असं करणारा तो पहिला भारतीय संघ. तेव्हापासून ओळीनं पाच वर्षं ती सोडली नाही. चिखलाच्या दिवशी बूट घालून उतरायचं हे शहाणपण त्यांच्या यशात मोठं होतं. १९३९ मोहनबागानचं, १९४२ ईस्ट बंगालचं. इथून लीग देशी झाली ती कायमची.

ईस्ट बंगालचा जन्मच मुळी एका अपमानातून झाला. जुलै १९२० मध्ये जोडाबागान क्लबनं मोहनबागानविरुद्धच्या सामन्यात सैलेश बसू या पूर्वेकडच्या खेळाडूला वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी विनवण्या केल्या, कारण विचारलं, आणि उत्तर मिळेना तेव्हा बाहेर पडून १ ऑगस्टला नवा क्लब काढला. कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ते घोटी आणि पद्मेपलीकडून आलेले ते बांगाल. बोली वेगळी, रांधण्याची तऱ्हा वेगळी, एकमेकांची टर उडवण्याची सवय मात्र सारखी. मोहनबागान जिंकलं की घरात चिंगडी, म्हणजे कोळंबी; ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश, म्हणजे हिल्सा. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काही शोधायचं तर ते कोल्हापुरातच सापडेल, जिथे फुटबॉलच्या सामन्यांना पेठ विरुद्ध पेठ असा रंग चढतो. फरक एवढाच की कोल्हापूरच्या पेठा आपापल्या जागी आहेत.

बांगालांचं तसं राहिलं नाही. १६ ऑगस्ट १९४६ला कोलकात्यात जी कत्तल सुरू झाली तिच्या सावटात १९४७ची लीग खेळलीच गेली नाही. मग फाळणी. सियालदा स्टेशनच्या फलाटांवर कुटुंबंच्या कुटुंबं मुक्काम करून राहिली. १९५१च्या जनगणनेपर्यंत पूर्व पाकिस्तानातून पश्चिम बंगालमध्ये आलेल्यांचा आकडा वीस लाखांवर गेला होता. जादवपूर, बिजयगड, टॉलीगंजच्या बाजूला ओसाड जागा बळकावून बांबू आणि होगला गवताच्या वसाहती उठल्या. धान्य रेशनचं, नोकरीची वानवा, आणि जुन्या शहराच्या नजरेत हे सगळे नको असलेले पाहुणे. या माणसांना आपल्या प्रदेशाचं नाव राजरोस, अभिमानानं घेता येईल अशी जागा उरली होती एकच, लाल-सोनेरी जर्सीच्या मागची गॅलरी. नकाशावर आता पूर्व बंगाल पाकिस्तानात होता. लीगच्या तक्त्यावर तो अजून कोलकात्यातच होता.

१९४८ची लीग मोहम्मेडन स्पोर्टिंगनं जिंकली होती. दंगली आणि फाळणीनंतर जेमतेम वर्षभरात त्या मुस्लिम क्लबनं पुन्हा विजेतेपद मिळवावं, हेही त्या मैदानाच्या मोठेपणाचं लक्षण; त्याचा उल्लेख फार कमी वेळा होतो याचं मला वाईट वाटतं.

ईस्ट बंगालचे सचिव ज्योतिषचंद्र गुहा हे या कथेतले खरे जुळवाजुळव करणारे. खेळाडू हेरणं, त्याच्या घरच्यांना राजी करणं, त्याला कोलकात्यात आणून रुजवणं, हे काम त्यांनी चिकाटीनं केलं. कागदोपत्री सगळे खेळाडू हौशी. तरी लीगमध्ये रेल्वे, पोलीस आणि तार-प्रशिक्षण संस्था यांचे संघ होते, चांगल्या पायाला नोकरी लागत होती आणि मोठे क्लब खेळाडूची बडदास्त ठेवत होते. पाचही जण एकदम आले नाहीत. एकेक करून जमले, आणि १९४९ मध्ये ती फळी पुरी झाली.

त्या काळची मांडणी दोन-तीन-पाचाची: मागे दोन बचावपटू, मध्ये तीन हाफ, पुढे पाच. पाचांच्या त्या रांगेत दोन टोकांचे खेळाडू रेषेलगत धावत जाऊन आत चेंडू टाकणार, मधला गोल करणार, आणि दोघांच्या मधले ‘इनसाइड’ हे खेळाची गुंफण करणार. गुंफणीचं काम आप्पाराव आणि अहमद यांच्याकडे. अहमद खानच्या पायाजवळ क्षणभर थांबायला हवं. चिखलात बूटवाला खेळाडू चेंडू ढकलून त्याच्यामागे पळतो, कारण बुटाला चेंडू कळत नाही. अनवाणी पायाला कळतो. अहमद तळव्यानं चेंडू दाबून थांबवायचा, समोरचा अंगावर आला की बोटांनी अलगद मागे ओढायचा, आणि त्याचा तोल गेला की दुसऱ्याच बाजूनं निघून जायचा. वेगापेक्षा थांबण्यात त्याची ताकद होती. तो थांबला की वेंकटेश आणि सालेहला धावायला वेळ मिळे, धनराजला जागा मिळे. एकमेकांची मातृभाषा धड न येणारे हे पाच जण मैदानात इतके सहज बोलत होते, की समोरच्या बचावाला कुणाला धरावं हेच उमजत नसे.

त्या वर्षी ईस्ट बंगालनं लीग जिंकली. आयएफए शील्ड जिंकली, अंतिम सामन्यात समोर मोहनबागानच. आणि पावसाळा संपल्यावर मुंबईला येऊन रोव्हर्स कपही नेला. १८९१ पासून चालत आलेली ही मुंबईची स्पर्धा तोवर बहुतांश काळ लष्करी संघांची होती. भारतीय संघाला ती पहिल्यांदा मिळाली १९३७ मध्ये, बंगळूर मुस्लिम्सला. कूपरेज मैदानावर कोलकात्याचे संघ आले की मुंबईतली बंगाली मंडळी दोन तट पाडून बसत. कोमिल्लाचे सचिन देव बर्मन कट्टर ईस्ट बंगालवाले, उत्तर कोलकात्याचे मन्ना डे मोहनबागानवाले. सिनेसंगीतातल्या या दोन मोठ्या माणसांचं तिथलं भांडण सर्वश्रुत आहे.

१९५०च्या फेब्रुवारीत पूर्व पाकिस्तानातल्या बारिसाल आणि आसपास पुन्हा दंगली पेटल्या. निर्वासितांचा नवा लोंढा सीमा ओलांडून आला. एप्रिलमध्ये नेहरू आणि लियाकत अली यांचा करार झाला, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच लीगचे सामने सुरू झाले. मला हा हंगाम आधीच्या हंगामापेक्षाही मोठा वाटतो. धर्माच्या नावानं घरदार गमावून आलेले हजारो लोक गॅलरीत बसले होते, आणि ज्यांच्या नावानं ते जयजयकार करत होते त्यांत अहमद खान होता, सालेह होता. कुणी उपदेश केला नव्हता, पत्रक काढलं नव्हतं. चेंडू सालेहकडे गेला की बारिसालचा माणूस उभा राहत होता, एवढंच. सलोख्यावर त्या काळात पुष्कळ भाषणं झाली असतील. त्यांतलं एकही या दृश्याच्या तोडीचं नाही असं मी म्हणेन. ईस्ट बंगालनं लीग आणि शील्ड दोन्ही राखल्या. १९५१ची लीग मोहनबागानकडे गेली, पण शील्ड तिसऱ्यांदा ईस्ट बंगालचीच. १९५२ला लीग परत आली. १९५१ आणि १९५२ अशी दोन्ही वर्षं दिल्लीचा ड्युरँड कपही. १९४९ ते १९५३ या काळात क्लबनं केलेल्या ३८७ गोलांपैकी २६० या पाचांचे, असं सांगतात.

याच १९५० सालाबद्दल एक दंतकथा आपल्याकडे घरोघरी रुजली आहे: बूट घालायला नकार दिला म्हणून भारत ब्राझीलच्या विश्वचषकाला मुकला. तेव्हाच्या फुटबॉल महासंघाला ऑलिंपिक महत्त्वाचं वाटत होतं, विश्वचषकाचं मोल कळलं नव्हतं, हे खरं कारण. खेळाडूंच्या पायांवर खापर फोडणं अन्यायाचं आहे. याच पायांनी १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला घाम फोडला होता. भारताच्या दोन पेनल्टी हुकल्या आणि सामना १-२ असा गेला. अहमद आणि धनराज दोघंही त्या संघात होते. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत साहू मेवालालच्या गोलवर इराणला हरवून सुवर्णपदक मिळालं, कर्णधार मोहनबागानचा सैलेन मन्ना. मैदानावर ज्यांच्या समर्थकांचं एकमेकांशी पटत नसे, ते तिथे एकाच जर्सीत होते.

मात्र १९५२च्या ऑलिंपिकमध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं १-१० असा धुव्वा उडवला, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. निर्णय योग्यच होता, उशिराच झाला म्हणायचा. पण बूट आले तशी तळव्यानं खेळायची ती कलाही ओसरत गेली. १९५३ मध्ये क्लब रुमानिया आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेला. तोवर पाचांची फळी उतरणीला लागली होती. १९५४ पासून तीन वर्षं लीग मोहनबागाननं नेली. १९५८ मध्ये तर पी. के. बॅनर्जींच्या ईस्टर्न रेल्वेनं तिन्ही बड्या क्लबांना बाजूला सारून विजेतेपद मिळवलं.

बाकीचे चौघे गेल्यावरही अहमद खान क्लबकडून खेळत राहिला. मोहनबागानच्या गल्ल्यांतही त्याला मान होता. मग तो बंगळूरला परतला, आणि २०१७च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या नव्वदीत, तिथेच वारला. दुसऱ्या दिवशी कोलकात्याच्या वर्तमानपत्रांनी त्याला आपल्याच शहराचा माणूस म्हणून निरोप दिला.