एकाच धानाचे दोन आकडे

गोंदियाला खेटून असलेल्या फुलचुरात धानाचा हंगाम लागला की ज्याच्या त्याच्या तोंडी सतराचा आकडा असतो. ओलावा सतरा टक्क्यांवर गेला, की आधारभूत खरेदीत धान नापास. पूर्वी दाणा दाताखाली फोडून ओल ओळखायचे, आता मॉइश्चर मीटर आहे. पण समजा, एकाच पोत्यातलं धान एका मीटरवर १६.८ आणि दुसऱ्यावर १७.३ निघालं, तर खरं काय मानायचं?

या प्रश्नावर आपल्या देशात फार आधी विचार झाला, आणि तोही शेतीच्याच निमित्ताने. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या पाहण्यांत एकाच भागातले नमुने दोन स्वतंत्र गटांकडे सोपवले. दोघांचे आकडे जुळले नाहीत, की दोष मोजणीत आहे हे कळे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे त्यापुढे गेले. लहान तुकडा आखून पीक कापलं तर उतारा फुगतो, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात, हे त्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं. मोजणारा प्रामाणिक असूनही आकडा एकाच बाजूला झुकू शकतो, हा त्यांचा शोध मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो.

कारखान्यांत ही शिस्त यायला वेळ लागला. नियंत्रण आलेखाचे जनक वॉल्टर श्यूहार्ट १९४७-४८मध्ये भारतात येऊन गेले. पण मोजमापाचीच परीक्षा घेण्याची पद्धत रुळली ती मोटार उद्योगात. अमेरिकन मोटार उद्योगाची त्यावरची पुस्तिका १९९०मध्ये निघाली, आणि पुणे-चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत ‘गेज आर अँड आर’ हे या परीक्षेचं नाव रोजचं झालं. रीत साधी आहे. दहा नग घ्यायचे, तीन जणांनी प्रत्येक नग दोन-तीनदा मोजायचा, कोणता नग हातात आहे हे त्यांना कळू द्यायचं नाही. मग एकाच माणसाच्या मोजण्यातला फरक वेगळा काढायचा आणि माणसामाणसांतला वेगळा. एकूण फरकात मोजणीचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, तीसच्या वर गेला तर त्या मोजमापावर निर्णय घेऊ नये.

धानाला ही रीत जशीच्या तशी लावता येत नाही. लोखंडी नग पुन्हा मोजता येतो. धान मात्र उघडं राहिलं की सुकतं आणि काही मीटरांत दळलंही जातं. म्हणून एक ढीग नीट कालवून त्याच्या हवाबंद पुड्या कराव्या लागतात. शिवाय एक पुडी भट्टीत वाळवून खरा ओलावा काढावा लागतो, कारण सगळी मीटरं मिळून एकाच बाजूला चुकत असतील तर आपसांतल्या जुळणीतून ते कधीच कळणार नाही.

यातलं काहीच महागडं नाही. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खरेदी केंद्राने ही चाचणी शेतकऱ्यांसमोर घ्यावी आणि आपल्या मीटरचा फरक किती, हे दराच्या फलकाशेजारी लिहून ठेवावं. १७.३ म्हणून माल परत पाठवताना तो फरकाचा आकडा शेतकऱ्याला वाचता आलाच पाहिजे.