गोदीच्या दाराबाहेरचा धूर

गोदीचा कार्बन म्हटलं की डोळ्यांपुढे वेल्डिंगच्या ठिणग्या येतात. तिथूनच सुरुवात करू, कारण हिशेबाचा सोपा भाग तोच आहे.

गॅस कटरच्या टॉर्चमध्ये ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलिन जळतं. एक किलो ॲसिटिलिनमागे जवळजवळ ३.४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून वेल्डिंगमध्ये हाच वायू सिलिंडरमधून थेट सोडतात. गोदीत त्या वेल्डिंगचं नावच ‘सीओटू’. त्यात क्रेन आणि जनरेटर यांचं डिझेल मिळवायचं, लिटरमागे सुमारे २.७ किलो. आणखी एक खर्च सहसा ध्यानात येत नाही. ताबा देण्याआधी जहाज समुद्रात नेऊन तपासतात, आणि तेव्हा ते गोदीच्याच हाती असेल, तर जळणारं इंधनही गोदीच्याच खात्यावर पडतं. कार्बनच्या हिशेबात हा झाला स्कोप-१, म्हणजे गोदीने स्वतः सोडलेला धूर. बाहेरून घेतलेली वीज स्कोप-२ मध्ये जाते. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो.

छपरावर सौर पॅनेल, शेडमध्ये एलईडी, बॅटरीवरचे फोर्कलिफ्ट ही नेहमीची आश्वासनं या दोन रकान्यांतली. ती खोटी नसतात. पण आता तिसरा रकाना उघडू: स्कोप-३, म्हणजे विकत घेतलेल्या मालामागचा आणि विकलेल्या जहाजाचा धूर.

हिशेबासाठी एक मालवाहू जहाज घ्या, १० हजार टन पोलादाचं. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो (केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित’ पोलादासाठी ठरवलेली मर्यादा २.२ टनांची आहे). म्हणजे पत्रा गोदीच्या दारात येईपर्यंतच २५ हजार टन. हे जहाज दिवसाला २५ टन जड तेल जाळत वर्षातले २५० दिवस चाललं असं धरू. वर्षाला ६,२५० टन तेल, टनामागे ३.११४ टन या प्रमाणाने साडेएकोणीस हजार टनांच्या आसपास. सगळ्या पोलादाचा कार्बन जहाज सव्वा वर्षात गाठतं, आणि पंचवीस वर्षांत पावणेपाच लाखांच्या पुढे जातं.

हिशेबाचे जे नियम जगभर पाळले जातात, त्यांनुसार जहाजाचा हा जन्मभराचा धूर विक्रीच्या वर्षातच एकरकमी दाखवायचा असतो. त्यामुळे यंदा तीन जहाजं दिली आणि पुढच्या वर्षी एकही नाही, तर कागदावर गोदी एकदम शहाणी झालेली दिसते! म्हणून एकूण आकड्याआधी किती जहाजं गेली ते बघावं.

‘सेबी’ने २०२२-२३ पासून पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना जो अहवाल सक्तीचा केला, त्यात स्कोप-१ आणि २ द्यावेच लागतात. स्कोप-३ मात्र ऐच्छिक प्रश्नांत आहे. सगळ्यात मोठा आकडा खुशीवर सोडला, हे मला पटत नाही.

गोदीच्या हातात काहीच नाही असंही नाही. जहाजाच्या बुडाचा आकार, पंखा आणि इंजिन ठरतात, तेव्हाच पुढच्या पंचवीस वर्षांचं तेल बरंचसं ठरतं. कोचीन शिपयार्डने २०२२ मध्ये नॉर्वेला दोन विजेवर चालणाऱ्या बार्ज दिल्या. नॉर्वेची वीज बहुतेक पाण्यावरची. तेव्हा तिथे वापराचा रकाना जवळजवळ रिकामाच राहतो.

मुंबईच्या माझगाव डॉकची गोष्ट वेगळी, कारण तिचं मुख्य गिऱ्हाईक नौदल. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य गाठायचं ठरवलं, पण जहाजांच्या प्रदूषणाबद्दलचा तिचा करार युद्धनौकांना लागू नाही. पॅरिस करारातही लष्करी उत्सर्जन वेगळं दाखवण्याची सक्ती नाही. गोव्याच्या बंदराचं नाव घेऊन डिसेंबर २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘मोरमुगाव’ ही युद्धनौका माझगाव डॉकमध्येच बांधली गेली. तिच्या पत्र्याचा, वेल्डिंगचा हिशेब मांडता येतो. तिच्या गॅस टर्बाइनने समुद्रात किती जाळलं, ते सहसा कुठल्याच जाहीर वहीत उतरत नाही.